शून्य सावली

वर्षभर मी परीक्षानळ्या धुते.
मे महिन्यात पंधरा दिवस मला मॅडम म्हणतात.

शाळेची फरशी दहापर्यंत पायांना सोसते,
अकराला नाही,
म्हणून शिबिर आम्ही सातलाच भरवतो.
बावीस पोरं, तीन भिंगं, दोन माठ,
आणि गोणपाटावर वाळत घातलेली
लिंबाची, बाभळीची, कुणाची तरी ओळख न पटलेली पानं.
आज मात्र कुणाला बाराला सोडायचं नव्हतं.
सूर्य वर्षातून दोनदा सोलापूरच्या बरोब्बर माथ्यावर येतो.
दुसऱ्या खेपेला ढग असतात,
म्हणजे आमच्या वाट्याला एकदाच.

उभी, सरळ काठी हवी होती.
इरण्णानं खिशातून कांडी काढली,
वडलांच्या मागावरची,
टोकाला हिरवा धागा अजून गुंडाळलेला.
फळीवर ती उभी केली,
दोऱ्याला नट बांधून ओळंबा धरला,
आणि दर दहा मिनिटांनी खडूची एक रेघ.

अकराला सावली चिंचेच्या बोटकाएवढी.
मग शेंगेएवढी.
मग शेंगेतल्या एका दाण्याएवढी.
सुफियान म्हणाला, "मॅडम, ही सुकायली."
कुणी हसलं नाही. खरंच तसं दिसत होतं.

नागमणी फळीपाशी नव्हती.
ती पाच दिवस कुंपणाजवळच्या खडीकडेच बसते,
वीस पावलं राखून, ओढणी डोक्यावर घेऊन.
तिथं टिटवीची चार अंडी आहेत,
किंवा चार खडे आहेत,
टिटवी उठल्याशिवाय सांगता येत नाही.
पहिल्याच दिवशी तिनं वहीत लिहिलं होतं:
"इथं पाय ठेवण्याआधी जमिनीला विचारावं लागतं."
तिची आजी म्हणते, टिटवी ओरडली की वाईट बातमी येते.
नागमणी म्हणते, आपण जवळ गेलो की ओरडते,
तिच्यासाठी वाईट बातमी आपणच.

मी हाक मारली, "ये गं, पाचच मिनिटं राहिलीत."
तिनं मागे न बघता हात हलवला,
ये म्हणून की नको म्हणून, कळलं नाही.

बारा वाजून बावीस मिनिटं.
इरण्णा ओरडला, "गेली बे! खलास!"
कांडी नुसती उभी, आपल्याच बुडाशी संपलेली.
अल्फियानं एक पाय उचलून खाली बघितलं.
सुफियाननं उडी मारली,
आणि हवेत असताना ओरडला,
"हाय! खाली हाय!"
मग बावीसच्या बावीस,
नाही, एकवीस,
तापल्या मैदानात उड्या मारत सुटले
आपापली सावली पकडायला,
आणि दर वेळी तिच्यावरच येऊन पडले.
मला त्यांना थांबवायला हवं होतं. उन्हाचं.
मी चप्पल काढली आणि एक उडी मारली. पाय भाजले.

नागमणीची वही मी नंतर बघितली.
आमच्या तक्त्यात तीन रकाने आहेत:
वेळ, निरीक्षण, निष्कर्ष.
वेळ तिनं बरोबर लिहिली होती.
"टिटवी माठाखालच्या ओलीत पोट भिजवून आली.
बसली नाही. उभी राहिली. पंख थोडे सैल.
सगळे म्हणतात सावली गेली.
गेली नाही. पुरी तिच्या पोटाखाली आहे.
अंड्यांवर."

तिसरा रकाना कोरा.
त्यात काय लिहायचं असतं, तिनं विचारलं.
मी म्हटलं, बघू उद्या.
मलाही ठाऊक नव्हतं असं नाही,
पण मला जे ठाऊक होतं ते पृथ्वीच्या कलण्याबद्दल होतं.

साडेबाराला कांडीच्या दुसऱ्या बाजूनं
नखाएवढी सावली बाहेर आली.
रेघ मारायला खडू उरला नव्हता.
इरण्णानं कांडी पुसून खिशात घातली,
दुसऱ्या पाळीच्या आत ती मागावर परत जायला हवी होती.